क्रॉसओव्हर वाचताना: कथेतली भोकं कशी तपासावीत आणि मुखपृष्ठावर किती विश्वास ठेवावा

मे १९८४ ही तारीख छापलेल्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या २५२व्या अंकात पीटर पार्कर काळ्या पोशाखात घरी परततो. तो पोशाख त्याला कुठे आणि कसा मिळाला हे कळतं 'सीक्रेट वॉर्स' ह्या क्रॉसओव्हरच्या (अनेक मालिकांतून मिळून चालणाऱ्या कथेच्या) आठव्या अंकात, आणि त्या अंकावर तारीख आहे डिसेंबर १९८४. आज हे अंक एका बैठकीत वाचणाऱ्याला वाटतं की कथेत मोठं भोक आहे. तसं काही नाही. मार्व्हल ह्या अमेरिकन प्रकाशकाने एप्रिलच्या अंकांच्या शेवटी आपले नायक गायब केले, मेच्या अंकांत परत आणले आणि मधे काय घडलं ते बारा अंकांत, वर्षभर सांगितलं. परिणाम आधी आणि कारण नंतर, ही त्यांची ठरवून केलेली मांडणी होती.

त्याच मालिकेत एक खरंखुरं भोकही आहे. 'फँटॅस्टिक फोर'च्या २६०व्या अंकात (नोव्हेंबर १९८३) डॉक्टर डूम नष्ट झालेला दाखवला आहे. काही महिन्यांनी सुरू झालेल्या 'सीक्रेट वॉर्स'मध्ये मात्र तोच डूम धडधाकट, स्वतःच्या शरीरात, आणि कथेचा मुख्य खलनायक म्हणून वावरतो. मालिका संपली तरी त्याचं कारण कुणी दिलं नाही. ते मिळालं 'फँटॅस्टिक फोर'च्या २८८व्या अंकात, मार्च १९८६ मध्ये: ते युद्ध घडवून आणणाऱ्या बियॉंडरने डूमला पुढच्या काळातून उचलून त्या युद्धात नेलं होतं.

ह्या दोन उदाहरणांतला फरक ओळखता आला की क्रॉसओव्हर वाचण्यातला अर्ध्याहून जास्त गोंधळ मिटतो. बहुतेक वेळा भोक कथेत नसतं, दोन अंकांच्या मधल्या जागेत असतं. ती जागा कशी शोधायची, हे पुढे दिलं आहे.

वही आखा

साधी वही किंवा स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक अंकाला एक ओळ आणि सहा रकाने: मालिकेचं नाव व क्रमांक, छापलेला महिना, विक्रीचा महिना, संपादकीय टिपा, पात्राची खूण, आणि मुखपृष्ठावर काय दाखवलंय. बारा अंकांची मुख्य मालिका आणि पंचवीसेक टाय-इन (त्या कथेला जोडलेले इतर मालिकांचे) अंक असले तरी सगळं दोन-तीन पानांत मावतं. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. मुखपृष्ठाचं एका वाक्यातलं वर्णन *अंक उघडण्यापूर्वी* लिहायचं, कारण वाचून झाल्यावर आठवण आपोआप कथेला जुळवून घेते.

नाव आणि क्रमांक मुखपृष्ठावरून उतरवू नका. आतल्या पानावर, बहुधा पहिल्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात प्रकाशनाची माहिती असते. मालिकेचं खरं नाव, खंड, क्रमांक आणि महिना तिथे मिळतो. हे किती महत्त्वाचं आहे ते १९९५ च्या 'एज ऑफ अपोकॅलिप्स'वरून कळेल. त्या वेळी 'अनकॅनी एक्स-मेन' चार महिने बंद होतं आणि त्याच्या जागी 'अस्टॉनिशिंग एक्स-मेन' १ ते ४ निघालं. 'अनकॅनी'चे अंक मात्र ३२१ नंतर थेट ३२२ असे सलग आहेत. कपाटातला संच पूर्ण दिसतो, क्रमांकात मधे काही सुटलेलं नाही, आणि तरी चार महिन्यांची कथा हातात नाही. इथे क्रमांकावर भरवसा ठेवणारा फसतो. महिना बघणाऱ्याला फेब्रुवारीनंतर एकदम जुलै दिसतो आणि त्याला लगेच शंका येते.

छापलेला महिना आणि विक्रीचा महिना एकच नसतो. अमेरिकेत अंक स्टॉलवर जास्त दिवस राहावा म्हणून पुढची तारीख छापायची पद्धत होती. मे १९८४ चा 'सीक्रेट वॉर्स' १ त्याच वर्षी जानेवारीत विक्रीला आला होता. नंतरच्या काळात हा फरक साधारण दोन महिन्यांवर आला. वेगवेगळ्या प्रकाशकांचे किंवा दशकांचे अंक एका ओळीत लावताना छापील महिन्यावरून क्रम लावला तर तो हमखास चुकतो.

क्रमांक उलटेही धावतात. मार्व्हलचा प्रतिस्पर्धी प्रकाशक डीसीच्या १९९४ च्या 'झीरो अवर'चे पाच अंक ४, ३, २, १, ० असे आहेत. २००७-०८ चं साप्ताहिक 'काउंटडाउन' ५१ पासून १ पर्यंत येतं. फाइल्स चढत्या क्रमाने लावल्या की गोष्ट शेवटाकडून सुरू होते, आणि पहिल्याच अंकात मेलेलं पात्र पुढच्या अंकात बोलताना दिसतं. याउलट १९९१ पासून सुपरमॅनच्या सगळ्या मालिकांच्या मुखपृष्ठावर एक छोटा त्रिकोण छापत असत. त्यात वर्ष आणि त्या वर्षातला वाचनक्रम असे. चार वेगवेगळ्या मालिका असल्या तरी त्रिकोणातले आकडे पाहून वाचत गेलं की काही अडत नाही. वाचकाची इतकी काळजी घेणारी खूण इतर प्रकाशकांनी उचलली नाही याचं खरंच वाईट वाटतं.

पात्राची खूण

तारखा अपुऱ्या पडल्या तर पात्राकडे बघा. कोणता पोशाख, कुठली जखम, संघात कोण आहे, कोण नाही, आणि पात्र नेमकं कुठे आहे, एवढ्या चार गोष्टी टिपल्या की अंक कुठे बसतो ते बऱ्याचदा कळतं. फँटॅस्टिक फोरमध्ये थिंगच्या जागी शी-हल्क दिसली तर तो अंक 'सीक्रेट वॉर्स'नंतरचा, कारण थिंग ते युद्ध झालं त्या ग्रहावरच मागे राहिला. 'अनकॅनी एक्स-मेन'च्या १८३व्या अंकात (जुलै १९८४) कोलोसस आपल्याच संघातल्या किटीशी नातं तोडतो. तिकडच्या युद्धात तो दुसऱ्याच मुलीच्या प्रेमात पडला होता, पण ती गोष्ट 'सीक्रेट वॉर्स'मध्ये अजून पूर्ण छापून व्हायची होती. त्या महिन्यातल्या वाचकाला तो विनाकारण क्रूर वाटला असणार.

चौकोनातल्या तारांकित टिपा चुकवू नका. "अमुक अंक पाहा" असं सांगणाऱ्या ह्या टिपा ऐंशीच्या दशकातल्या मार्व्हलच्या अंकांत पानोपानी असतात. २००० नंतर त्या विरळ झाल्या, म्हणून नंतरच्या क्रॉसओव्हरमध्ये वहीवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

सर्वांत अवघड गाठ: फायनल क्रायसिस

ही पद्धत कुठे तपासून पाहायची तर २००८-०९ च्या 'फायनल क्रायसिस'वर. सात अंकांची मुख्य मालिका, लेखक ग्रँट मॉरिसन. इथे तीन वेगळ्या जातीची भोकं शेजारीशेजारी सापडतात.

पहिलं क्रमाचं. 'बॅटमॅन' ६८१ च्या शेवटी हेलिकॉप्टर कोसळतं आणि बॅटमॅन मेला असं वाटतं. 'फायनल क्रायसिस'मध्ये मात्र तो जिवंत आहे. दुसऱ्या अंकात तो पकडला जातो आणि सहाव्यात डार्कसाइड ह्या खलनायकाच्या हातून मरताना दिसतो. म्हणजे एकाच माणसाचे दोन मृत्यू? नाही. ६८१ हा अंक कथेच्या काळात 'फायनल क्रायसिस'च्या आधी येतो. तो कैदेत असताना काय होतं ते 'बॅटमॅन' ६८२ आणि ६८३ मध्ये आहे, आणि हे दोन अंक मुख्य मालिकेच्या पाचव्या व सहाव्या अंकांच्या मधे वाचायचे. हेलिकॉप्टरमधून तो वाचला कसा, हा उरलेला प्रश्न 'बॅटमॅन' ७०१-७०२ मध्ये, २०१० साली सुटला. क्रम लावला की भोक बुजतं.

दुसरं वगळलेल्या अंकांचं. सातव्या अंकात मॅंड्रॅक नावाचा शत्रू एकदम उगवतो. फक्त मुख्य सात अंक वाचणाऱ्याला हा कोण, कुठून आला, काही कळत नाही. त्याची सगळी पायाभरणी 'सुपरमॅन बियॉंड'च्या दोन अंकांत आहे, आणि ते तिसऱ्या अंकानंतर वाचले की शेवट जमतो. तुम्ही सरसकट "टाय-इन म्हणजे भरताड" असं मानत असाल तर इथे नुकसान होईल. उलटही खरं: बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये दहापैकी सात-आठ टाय-इन वगळले तरी मुख्य गोष्टीचं काही बिघडत नाही. आधी मुख्य मालिका वाचून घ्या, जिथे "हे कधी ठरलं?" असा प्रश्न पडला तिथे खूण करा, आणि फक्त त्या खुणांची उत्तरं देणारे अंक शोधा. सगळंच विकत घेऊन क्रमाने वाचायला बसलेला वाचक बहुधा मधेच थकतो.

तिसरं मात्र वाचकाला बुजवता येत नाही. 'काउंटडाउन' ह्याच मालिकेकडे नेण्यासाठी वर्षभर चाललं होतं. त्यात न्यू गॉड्स ह्या देवांचा संहार झाला, त्यांच्यातल्याच डार्कसाइड आणि ओरायन यांची लढत झाली. मग 'फायनल क्रायसिस'च्या पहिल्या अंकात ओरायन मरणासन्न सापडतो आणि देवाची हत्या ही अघटित गोष्ट असल्यासारखे सगळे चपापतात. दोन गट एकाच वेळी, एकमेकांची पानं न बघता लिहीत होते. अशा वेळी डोकं न शिणवता वहीत "समन्वयाची चूक" असं लिहायचं आणि मुख्य मालिकेची बाजू खरी मानून पुढे जायचं. 'काउंटडाउन' न वाचता 'फायनल क्रायसिस' वाचलं तर ती जास्त नीट कळते.

चूक नेमकी कुठून आली

समन्वयाच्या चुकांची कारणं थोडीच आहेत आणि ती ओळखता येतात.

अंक उशिरा येणं हे सर्वांत मोठं कारण. २०१५ चं 'सीक्रेट वॉर्स' आठ अंकांचं ठरलं होतं, नवव्यापर्यंत लांबलं, आणि शेवटचा अंक जानेवारी २०१६ मध्ये आला. त्या शेवटानंतर आठ महिन्यांनी घडणाऱ्या नव्या मालिका मात्र ऑक्टोबर २०१५ पासूनच सुरू झाल्या होत्या. जग परत कसं उभं राहिलं हे सांगायच्या आत परत उभं राहिलेलं जग विकायला आलं. 'इन्फिनिट क्रायसिस'चंही असंच झालं: सातवा अंक मे २००६ मध्ये आला, आणि "एक वर्षानंतर" असं सांगणारे अंक मार्चपासून निघत होते. अशा ठिकाणी विक्रीच्या तारखेने लावलेली यादी वापरू नका. मुख्य मालिका शेवटपर्यंत संपवा, मगच पुढचं उघडा.

दुसरं कारण, नियम एकाने लिहिणं आणि वापर दहा जणांनी करणं. २००६-०७ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये सुपरहिरोंच्या नोंदणीचा कायदा येतो. नोंद केली की सरकारसाठी काम करणं सक्तीचं आहे का, शक्ती न वापरता घरी बसलेल्याला अटक होते का, ह्याची उत्तरं मालिकेगणिक बदलतात. कथेतला सगळा झगडा ज्या कायद्यावर उभा आहे त्याची कलमंच पक्की नाहीत. म्हणून कोणती बाजू बरोबर यावरचे वाद वाचकांत आजही मिटत नाहीत. दोघेही आपापल्या अंकातला कायदा धरून बोलत असतात.

तिसरं, शेवट ऐनवेळी बदलणं. १९९१ च्या 'आर्मागेडन २००१'मध्ये मोनार्क हा हुकूमशहा म्हणजे भविष्यातला एक नायक, तो कोण हे कोडं होतं. उत्तर कॅप्टन ॲटम ठरलं होतं, पण ते आधीच फुटलं. प्रकाशकांनी शेवट बदलून हॉकला मोनार्क केलं. आधीच्या अंकांत पेरलेले धागे मात्र ॲटमकडेच बोट दाखवतात. रहस्यकथेत शेवटच्या पानाआधीचे सगळे पुरावे एकाकडे आणि निकाल दुसऱ्याकडे गेला, तर ऐनवेळी हात फिरवला असल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

आणि चौथं, इतिहास नव्याने लिहिणं. १९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'ने डीसीची अनेक विश्वं मिटवून एक केलं. हॉकमॅन तेव्हा जुन्याच रूपात पुढे चालू राहिला. १९८९ मध्ये 'हॉकवर्ल्ड' आलं, आणि पुढच्या वर्षीच्या नियमित मालिकेत कटार होल, म्हणजे हॉकमॅन, पृथ्वीवर पहिल्यांदाच येताना दाखवला. मग मधल्या वर्षांत जस्टिस लीग ह्या संघात हॉकमॅन म्हणून कोण होता? तो थानागार ग्रहाचा हेर होता, असा खुलासा करावा लागला. पुढे 'झीरो अवर'मध्ये सगळे हॉकमॅन एकात मिसळले, त्यातून आणखी प्रश्न निघाले. हॉकमॅनचं कुठलंही जुनं टाय-इन हातात आलं की वहीत आधी साल लिहा आणि त्या सालचा हॉकमॅन कोणता ते ठरवा. त्याशिवाय तो अंक वाचण्यात अर्थ नाही.

कधीकधी प्रकाशक खुलासा देतात, पण तो खुलासाही तपासायला हवा. डूमचा खुलासा चांगला, कारण तो फक्त डूमलाच लागू पडतो आणि आधी छापलेलं काही खोटं ठरवत नाही. 'इन्फिनिट क्रायसिस'च्या काळात सुपरबॉय-प्राइमने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले म्हणून इतिहासात बदल झाले, मेलेला रॉबिन जेसन टॉडही त्यामुळेच जिवंत झाला, असं सांगितलं गेलं. ह्या एका ठोशाने कुठलीही विसंगती झाकता येते, म्हणूनच तो खुलासा दुबळा आहे.

काही ठिकाणी तर शोधच घेऊ नये. १९७६ च्या सुपरमॅन आणि स्पायडर-मॅनच्या एकत्र अंकात दोघे पहिल्यापासून एकाच जगात राहतात असं गृहीत धरलं आहे. दोन प्रकाशकांतला तो करार आहे, वाचकाने मान्य करून पुढे जायचं. १९९६ च्या 'मार्व्हल विरुद्ध डीसी'त पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर ठरला. वुल्व्हरिनने लोबोला हरवलं ते दारूच्या काउंटरच्या आड, चित्रात न दिसता. कसं हरवलं याचं उत्तर कथेत नाही, मतपेटीत आहे.

मुखपृष्ठ

मुखपृष्ठ ही जाहिरात असते, आणि ती बहुधा कथेच्या आधी तयार होते. दुकानदारांना मागणी नोंदवता यावी म्हणून चित्र काही महिने आधी लागतं. तोवर आतली पानं पूर्ण झालेली नसतात, त्यात मुखपृष्ठाचा चित्रकार अनेकदा वेगळाच असतो. डीसीत संपादक ज्युलियस श्वार्ट्झ तर आधी मुखपृष्ठ काढून घेत आणि मग लेखकाला त्यावरून गोष्ट रचायला सांगत. त्यामुळे साठच्या दशकातली अशक्य दिसणारी मुखपृष्ठं कथेत एखाद्या पानापुरती खरी ठरतात. १९६६ च्या 'फ्लॅश' १६३ वर फ्लॅश हात पुढे करून वाचकालाच थांबवतो आणि हा अंक सोडू नका, माझा जीव त्यावर आहे, असं विनवतो. चित्र कारमाइन इन्फँटिनो यांचं. एवढी थेट विनवणी करणारं मुखपृष्ठ क्वचितच झालं असेल.

तपासायची रीत अशी. मुखपृष्ठावर किती पात्रं आहेत ते मोजा आणि वाचताना प्रत्येकासमोर तो किती पानांत दिसला ते लिहा. मुख्य दृश्य कथेत कुठल्या पानावर येतं ते शोधा. मग चारपैकी एक शेरा द्या: खरं, अर्धं खरं, प्रतीक, फसवं.

'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ७ चं मुखपृष्ठ खरं आहे: सुपरमॅनच्या हातांत मृत सुपरगर्ल, आणि आत तेच घडतं. पण तीच मुद्रा नंतर इतक्या मुखपृष्ठांवर वापरली गेली की ती दिसली म्हणजे कुणी मेलंच असं धरू नये. 'अनकॅनी एक्स-मेन' १४२ वर "ह्या अंकात सगळे मरतात" असं छापलं आहे. ते अर्धं खरं, कारण मरतात ते एका संभाव्य भविष्यातले एक्स-मेन. 'सुपरमॅन' १४९ (१९६१) मध्ये सुपरमॅन मरतो, पण ती "काल्पनिक कथा" म्हणूनच छापली होती. ह्या लेबलामुळे वाचक इतके सावध झाले की नंतर मुखपृष्ठांवर "हे स्वप्न नाही, फसवणूक नाही, काल्पनिक कथा नाही" असं छापायची वेळ आली.

क्रॉसओव्हरमधली सर्वांत नेहमीची फसवणूक चित्राची नसते, पट्टीची असते. त्याच 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या वेळी अनेक मालिकांनी मुखपृष्ठावर क्रॉसओव्हरची पट्टी लावली आणि आत फक्त एखाद्या चौकटीत आकाश लाल दाखवलं. तेव्हापासून अशा अंकांना "लाल आकाशवाले" म्हणतात. ओळखायची सोपी खूण: मुख्य मालिकेतलं एकही पात्र ह्या अंकात बोलत नाही आणि मुख्य मालिकेत ह्या अंकाचा एकदाही उल्लेख येत नाही. दोन्ही जुळलं तर तो अंक यादीतून काढा.

नाव फसवं निघण्याचं ठळक उदाहरण २०१३ चं 'एज ऑफ अल्ट्रॉन'. दहा अंकांच्या शीर्षकात अल्ट्रॉन आहे, कथेत तो शेवटापर्यंत जवळजवळ दिसतच नाही. अल्ट्रॉनशी झुंज वाचायला घेणाऱ्याची निराशा होते. काळात मागे जाऊन इतिहास बदलण्याची कथा म्हणून घेतली तर ती वाचनीय आहे.

पर्यायी मुखपृष्ठांना तर हा हिशेब लावूच नका. १९९१ च्या 'एक्स-मेन' १ ची पाच मुखपृष्ठं निघाली, आतली कथा एकच. पुस्तकरूपात वाचत असाल तर ही सगळी चित्रं शेवटी एकत्र छापलेली सापडतात. त्यातलं मूळ कोणतं हे आधी ठरवा, नाहीतर ज्या चित्राचा कथेशी संबंधच नव्हता त्याला फसवं म्हणून बसाल.

मुंबई-पुण्याच्या पदपथांवर किंवा कुणाकडून जुने सुटे अंक घेताना एक शेवटची तपासणी करा. १९९२-९३ च्या 'एक्स-क्युशनर्स सॉंग'चे बारा भाग चार मालिकांत फिरतात, त्यामुळे 'अनकॅनी एक्स-मेन'चे लागोपाठ तीन अंक घेतलेत तर हातात पहिला, पाचवा आणि नववा भाग येतो. भाग क्रमांक छापलेला असतो तो आधी बघा. ही मालिका कार्डासकट प्लास्टिकच्या पाकिटात विकली जात होती, म्हणून पाकीट फोडलेलं असेल तर कार्ड आत आहे का तेही विचारा. आणि बारापैकी नऊ भाग मिळत असतील, पण शेवटचे दोन नसतील, तर ते नऊ घेऊ नका.